बॅटरी वाचते, पण आठवणीचा गजर तपासून घ्या

नवा फोन घेतल्यावर पहिल्या दोन दिवसांत चार्जिंग भराभर उतरतंय म्हणून तो परत करायला धावू नका, असा सल्ला देतात, तो मला शंभर टक्के पटला. जुन्या फोनमधले फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप, ॲपचे अपडेट, सगळं तेव्हाच चाललेलं असतं. माझा फोन पहिल्या दिवशी दुपारी तीनलाच चार्जरला लावावा लागला होता. आज सोळावा दिवस, रात्री झोपताना ३५ टक्के तरी उरतेच.

पण ही बचत होते कशी, तेही बघायला हवं. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून फोन आपल्या सवयी शिकतो आणि आपण क्वचित उघडतो त्या ॲपना पडद्यामागे फारसं चालू देत नाही. आईच्या औषधांच्या वेळा मी एका ॲपमध्ये लावल्या होत्या. एकदा लावल्यावर ते ॲप कोण कशाला उघडेल? दहाव्या दिवशी सकाळी आठचा गजर वाजलाच नाही. गोळ्यांच्या डबीत मंगळवारच्या खणात बीपीची गोळी तशीच पडलेली मला संध्याकाळी दिसली. पोटात धस्स झालं. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली 'अनरिस्ट्रिक्टेड' (म्हणजे बंधन नाही) निवडलं, तेव्हापासून गजर एकदाही चुकलेला नाही. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट', म्हणजे ॲपला आपोआप सुरू होण्याची परवानगी, वेगळं चालू करावं लागतं. घरात कुणाची औषधं फोनच्या भरवशावर असतील तर हे पहिल्याच दिवशी करून टाका, आणि दोन-तीन दिवस गजर खरंच वाजतोय का ते स्वतः ऐका.