स्थानकाभोवतीचा पुनर्विकास आणि तिथले भाडेकरू

प्रश्न: वाढत्या शहरात मेट्रो स्थानकांभोवती जादा चटईक्षेत्र (म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी) देऊन जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास करताना, तिथले भाडेकरूच दूर फेकले जाणार नाहीत याची तजवीज विकास आराखड्यात कशी करावी?

उत्तर १: क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाहतुकीचा मार्ग, मग त्यालगत उंच इमारती. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी राखीव मार्गिका उभारल्या आणि उंच इमारतींना मुख्यतः त्याच मार्गांलगत परवानगी दिली. त्यामुळे दाट वस्ती आणि वाहतूक एकाच रेषेत वाढत गेली.

उत्तर २: सहमत, मात्र मार्ग जाहीर होताच जमिनीचे भाव चढतात, म्हणून परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचे आरक्षण त्याआधीच नकाशावर यायला हवे.

उत्तर ३: शिवाय स्थानकापर्यंत सलग पदपथ नसेल, तर रहिवासी खासगी वाहनच काढतात, आराखड्यांतील हे दुर्लक्ष मला सर्वाधिक खटकते.