मदत हवी आहे: बाबांचा अल्सरचा कोर्स मधेच सुटला

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. बाबांचं वय ६२. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं दुकानातून डायक्लोफिनॅक आणून खायचे, तेही सकाळी चहावर, उपाशीपोटी, आणि मग दिवसभर कापसाच्या पऱ्हाटीत. वर खर्रा (तंबाखू-सुपारी). दिवाळीनंतर शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. आम्हाला वाटलं, जेवणातलं काही असेल. ते पोटातलं रक्त होतं, हे दवाखान्यात कळलं. उशीर केला याचं फार वाईट वाटते.

दुर्बिणीच्या तपासणीत ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर निघाला, एच. पायलोरी जंतूही निघाला. १४ दिवसांचा कोर्स दिला: आम्ल कमी करणारी पॅन्टोप्रॅझोल, आणि अॅमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक. सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "तोंड कडूजहर होऊन रायलं, आता नाही खात मी." जेवणाआधीची पॅन्टोप्रॅझोल तेवढी घेतात. पोट दुखत नाही, म्हणून त्यांना बरं झाल्यासारखं वाटते. पण अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हीच भीती आहे. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोच आहे.

कोणाच्या घरी असं झालं होतं का? नंतर औषधं बदलून दिली का? जंतू गेला की नाही ते पाहायची श्वासाची किंवा शौचाची तपासणी यवतमाळ, वर्ध्याकडे कुठे होते? ती अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करतात आणि आधी दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोल बंद ठेवावी लागते, एवढं माहीत आहे.

आणि वेचणी सुरू आहे, गुडघे दुखतातच. पॅरासिटामॉलवर कोणाचं भागलं का?