आनसीचा किल्ला आणि जुने गाव: आईवडिलांसोबत एक दिवस कसा आखावा?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आईवडील मे महिन्यात कोल्हापूरहून आमच्याकडे जिनिव्हाला येत आहेत. बाबांनी उभ्या आयुष्यात सह्याद्रीतले किल्ले पायी पालथे घातले आहेत, त्यामुळे युरोपातला एखादा मध्ययुगीन किल्ला त्यांना नीट, सावकाश दाखवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. शियोंचा किल्ला आम्ही पाहणारच आहोत, पण तो गावापासून सुटा आहे. बाबांना किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी आजही नांदते असलेले जुने गाव असे दोन्ही एकत्र पाहायचे आहे, म्हणून फ्रान्समधल्या आनसीचा विचार करत आहे. अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण चढउतार आला की तिला हात धरावा लागतो. किल्ल्याची चढण तिला झेपेल का? रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला फिका तर वाटणार नाही ना? आणि दोघेही शाकाहारी असल्यामुळे जेवणाचे काय करावे?

तटबंदी

बाबांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा: हा गिरिदुर्ग नव्हे. गावालगतच्या टेकाडावर, तटबुरुजांच्या आत बांधलेला सरदारांचा वाडा असे त्याचे रूप आहे, आणि तसा पाहिला तर तो अजिबात फिका वाटत नाही. तेराव्या शतकात जिनिव्हाच्या काउंटांचे तिथल्या बिशपांशी पटेनासे झाले, तेव्हा त्यांनी आपले बस्तान आनसीला हलवले. काउंटांचा वंश 1394 मध्ये संपला. त्या वंशातला शेवटचा पुरुष रोबेर याच किल्ल्यात जन्मला होता आणि पुढे आव्हिन्यों इथे सातवा क्लेमेंट या नावाने, रोममधल्या पोपच्या विरोधात, पोप म्हणून गादीवर बसला होता. 1401 मध्ये हा सारा मुलूख सॅव्हॉय घराण्याने विकत घेतला. त्यांच्या नमूर शाखेने सोळाव्या शतकात आत नवी दालने उठवली, पुढे तिथे सैन्याची बराक झाली आणि ती 1947 पर्यंत होती. नगरपालिकेने 1953 मध्ये किल्ला घेतला, आणि आता त्यात संग्रहालय आहे. एकाच अंगणात उभे राहून बाराव्या-तेराव्या शतकातला जाडजूड ‘राणीचा बुरूज’ आणि मोठ्या खिडक्यांची सोळाव्या शतकातली दालने शेजारीशेजारी पाहता येतात. लढाईची भीती कमी होत गेली तशा भिंतींतल्या खिडक्या कशा मोठ्या होत गेल्या, हे तुमच्या बाबांसारख्या जाणत्या नजरेला कोणी सांगायची गरज पडणार नाही.

आता चढणीविषयी. जुन्या गावातून वर जाणारा रस्ता अंतराने थोडा असला, तरी तीव्र चढाचा आणि गोट्यांच्या फरसबंदीचा आहे. पाऊस पडून गेल्यावर ते दगड निसरडे होतात. आईंना त्या वाटेने नेऊ नका, उतरताना तर मुळीच नको. मागच्या बाजूने किल्ल्यासमोरच्या चौकापर्यंत गाडी जाते, तेव्हा टॅक्सी करावी. मात्र आतही दालनांत आणि बुरुजांत पायऱ्या आहेतच.

निळेपाणी

वरच्या माहितीशी मी सहमत आहे, पण आईंना किल्ल्यात नेलेच पाहिजे का, याचा विचार करा असे सुचवेन. आनसीचे खरे मर्म पाण्यात आहे. गावालगतच्या सरोवराचे पाणी तियू नावाच्या जेमतेम साडेतीन किलोमीटर लांबीच्या नदीतून बाहेर पडते, आणि ती नदी जुन्या गावाच्या मधोमध वाहते. याच पाण्यावर पूर्वी गिरण्या आणि कारखाने चालत. नदीच्या पात्रातल्या एका लहानशा बेटावर ‘पाले द लील’ ही बाराव्या शतकातली दगडी इमारत उभी आहे. तिचे टोक एखाद्या गलबताच्या नाळेसारखे निमुळते होत प्रवाहात घुसलेले आहे. न्यायालय, टांकसाळ, तुरुंग अशी निरनिराळी कामे तिने पाहिली, आणि दुसऱ्या महायुद्धातही तिथे कैदी ठेवले होते. पेरियेर पुलावर उभे राहिले की ही इमारत अगदी समोर येते, आणि तिथवरची सगळी वाट सपाट आहे.

सकाळी नऊच्या आत पोहोचा. मे महिन्यातसुद्धा अकरानंतर पुलांवर उभे राहायला जागा मिळत नाही. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी सकाळी जुन्या गावात बाजार भरतो. सेंत-क्लेर रस्त्यावर दोन्ही अंगांना ओवऱ्यांसारख्या बुटक्या कमानी आहेत, त्यांच्याखालून सावलीत चालत आईंना चेरी, अक्रोड, पाव आणि चीज पाहता येईल. दुपारी तासाभराची नौकाफेरी घ्या. नावा तियूच्या मुखाशेजारच्या धक्क्यावरूनच सुटतात.

तुमचे नाव रंकाळ्यावरून आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो. आज तळ दिसेल इतके नितळ असलेले हे सरोवर गेल्या शतकाच्या मध्यात सांडपाण्याने नासू लागले होते. काठावरच्या गावांनी 1957 मध्ये एकत्र येऊन संस्था स्थापली, आणि सरोवराभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकून मैला पाण्यात जाणे थांबवले. बाबांना किल्ल्याइतकीच ही गोष्टही सांगा.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रंकाळ्याचे पाणी हिरवे झालेले आम्ही स्वतः पाहिले आहे, त्यामुळे ती वाहिनीची गोष्ट बाबांना नक्कीच भिडेल. जेवणाविषयी कोणी सांगू शकेल का?

दुधाळ

मी स्वतः शाकाहारी आहे, आणि एकदा तिथल्या एका उपाहारगृहात ‘फक्त बटाटे आणि चीज’ असे सांगून समोर आलेल्या तार्तिफ्लेतमध्ये मांसाचे तुकडे निघाले होते. तो पदार्थ मुळातच डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह करतात, म्हणून मागवताना ‘सां लार्दों’ म्हणजे ‘ते तुकडे नकोत’ असे स्पष्ट सांगावे लागते. सॅव्हॉयच्या, म्हणजे याच भागातल्या, फोंड्यूत (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ) पांढरी वाइन असते. त्यापेक्षा राक्लेत बरे, कारण वितळलेले चीज उकडलेल्या बटाट्यांवर ओढून खायचे असते आणि मांसाची ताटली वेगळी येते, ती नको म्हणता येते.

रब्लोशों हे चीज तिथून जवळच्या तोन खोऱ्यातले आहे. जुन्या काळी जमीनमालक दूध मोजून सारा घेई. शेतकरी तेव्हा गाय अर्धीच पिळत आणि तो गेल्यावर पुन्हा पिळत. त्या दुसऱ्या धारेच्या साईदार दुधाचे हे चीज, असे तिथे सांगतात. मात्र ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. आईबाबा याबाबत कडक असतील तर बाजारातून फळे आणि पाव घ्या, आणि धपाटे घरून न्या. सरोवरालगतच्या बागेत बाकांवर बसून निवांत जेवता येते.

जिनिव्हाहून थेट बसने सव्वा ते दीड तास लागतो. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पासपोर्ट जवळ ठेवा, आणि तिकडे फ्रँक नव्हे, युरो लागतील.

रंकाळाकाठ

काल शुक्रवारी जाऊन आलो. आई पेरियेर पुलापाशी कठड्याला टेकून अर्धा तास उभी होती. पुलाखालच्या पाण्यात हलणारे शेवाळ आणि त्यातून जाणारे मासे तिला वरून दिसत होते, आणि ती तिथून हलायला तयार नव्हती. मी तिच्याजवळ थांबले, बाबा एकटेच चढून किल्ल्यावर गेले. परतल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती ‘राणीच्या बुरुजा’साठी दगड कुठल्या खाणीतून आणला असेल, याची. कोणाला माहीत असल्यास कृपया इथे लिहावे, त्यांना कळवीन.