मदत हवी आहे: ग्रुपमधल्या दोघांचं ब्रेकअप झालंय, शनिवारच्या सेशनचं काय करू?

वेताळटेकडी:
शनिवारी सेशन आहे, उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय, म्हणून थेट विचारते. ग्रुपमधल्या दोघांचं ब्रेकअप झालंय. त्याने मला वेगळा मेसेज केलाय, ती येणार असेल तर मी येणार नाही. तिला यातलं काही माहीत नाही, ती ग्रुपवर 'खायला काय आणू' विचारतेय. दोघांची कॅरेक्टरं रक्ताच्या शपथेने बांधलेली आहेत, एकाला काढलं तर पुढची सगळी गोष्ट कोसळते. मी डीएम आहे. 'वेळ हेच औषध' वगैरे नको, कोणी खरंच निभावलं असेल तर सांगा.

अडकित्ता:
कसलं सेशन, कसली रक्ताची शपथ? जरा नीट लिहा, वाचून काळजी वाटली.

नागझिरा:
अडकित्ता, त्या टेबलटॉप रोलप्लेइंगबद्दल बोलतायत, बहुतेक डी अँड डी. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. प्रत्येकाचं एक पात्र असतं. डंजन मास्टर म्हणजे डीएम जग आणि बाकीची सगळी माणसं चालवतो, आणि बेत फसण्याची शक्यता असेल तिथे फासे टाकून निकाल लावायचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला खेळ आहे.
वेताळटेकडी, ऑनलाइन खेळता की प्रत्यक्ष? किती जण आहात? जागा कोणाची? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बे_एरियाकर:
सरळ फाउंड्रीवर या, म्हणजे असे खेळ ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर. लायसन्स एकदाच विकत घ्यायचं, तेही फक्त डीएमने, खेळाडूंना काही पडत नाही. आम्ही तिघे कॅलिफोर्नियात, एक नाशिकला, एक सिंगापूरला असे खेळतो. कॅमेरे बंद ठेवले की कोण कोणावर रुसलंय याने फरक पडत नाही. नकाशावरचा उजेड-अंधारसुद्धा तेच सांभाळतं. सर्व्हर कसा लावायचा ते सविस्तर लिहू शकतो.

नागझिरा:
अहो, त्यांनी अजून ऑनलाइन की ऑफलाइन तेही सांगितलेलं नाही.

वेताळटेकडी:
प्रत्यक्ष. माझ्या घरी, कोथरूडला. पाच खेळाडू आणि मी. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, सातवी लेव्हल. खेळात तो क्लेरिक आहे, म्हणजे जखमा बरा करणारा पुजारी, आणि ती रोग (rogue), म्हणजे लपूनछपून काम करणारी चोरटी. ऑनलाइन जायचं नाहीये, आठवडाभर सगळे स्क्रीनसमोरच असतात, शनिवार त्यासाठीच राखलाय.

कट्टेकरी:
क्लेरिक गेला तर पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, मरेल ही भीती असेल तर सोडून द्या. बार्ड किंवा ड्रुइड ही दुसरी पात्रंही जखमा बऱ्या करतात, त्यांच्यावर आरामात भागतं. आणि २०२४ च्या नियमांवर या. त्यात हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) स्वतः प्यायला बोनस ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली छोटी जादा कृती, लागते; पूर्वी अख्खी ॲक्शन, म्हणजे मुख्य कृती, जायची. 'क्युअर वून्ड्स' या जखमा भरायच्या मंत्रालाही एका डी८ (आठ बाजूंच्या फाशा) ऐवजी दोन मिळतात.

वेताळटेकडी:
हीलिंगचा प्रश्नच नाहीये. माणसांचा आहे.

मोहरी:
सगळ्यात आधी हे सांग, यात कोणी कोणाला त्रास दिलाय का? धमकी, पाठलाग, सतत मेसेज, असलं काही? तसं असेल तर ज्याने त्रास दिला त्याला त्याच दिवशी बाहेर काढायचं, कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी गोष्ट) गेलं खड्ड्यात. तसं नसेल तर प्रश्न अगदी वेगळा आहे. आणि दोघं तुझ्याच टेबलावर भेटले का?

वेताळटेकडी:
मोहरी, तसलं काही नाही, मी दोघांनाही कॉलेजपासून ओळखते. जुळलं माझ्याच टेबलावर. तुटायला राजकारण निमित्त झालं. माझ्या कॅम्पेनमध्ये एक शहर आहे, तिथली राणी मंदिरांवर कर लावून गरीब घरांना दरमहा मोहरा वाटते. क्लेरिक विरोधात, रोग बाजूने. खेळात मस्त रंगलं होतं. मग कोणीतरी लाडकी बहीण योजनेचा विषय काढला आणि दोघं घरी जाईपर्यंत भांडत होते. अर्थात त्याआधीही बरंच काही साचलं असणार.

अडकित्ता:
आता समजलं! मग चूक तुमच्या राणीची. खेळात राजकारण आणायचंच कशाला? राक्षस मारा, खजिना लुटा, घरी जा.

मोहरी:
अजिबात पटत नाही. खजिना कोणाचा, राक्षस कोणी ठरवले, राजाला राजा का मानायचं, हे आलं की राजकारण आलंच. माझ्या टेबलावरची सर्वांत चांगली सेशन्स अशाच वादांतून झालीत. राणी काढू नका. मर्यादा ठरवा. सेशन झिरो केलं होतं का? एक्स-कार्ड ठेवता का?

अडकित्ता:
ते काय असतं?

मोहरी:
सेशन झिरो म्हणजे खेळ सुरू करण्याआधीची बैठक. काय चालेल, काय नको, ते तिथे ठरवायचं. एक्स-कार्ड जॉन स्टाव्रोपुलोस यांनी काढलेलं. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कोणाला एखादी गोष्ट असह्य झाली तर त्याने बोट टेकवायचं, तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही.

कट्टेकरी:
एक्स-कार्ड गोष्टीतल्या प्रसंगासाठी आहे. समोर बसलेल्या माणसावर कसं टेकवणार? इथे त्याचा उपयोग शून्य.

मोहरी:
उद्या राणीवरून पुन्हा पेटलं तर होईलच की उपयोग.

तिसरीघंटा:
थोडं अवांतर. डेटिंग ॲपवर हल्ली राजकीय मतांचा रकाना असतो, बंबलवरही आहे. अर्धे लोक तो रिकामा ठेवतात किंवा मधलं काहीतरी टाकतात, आणि तीन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर कळतं. मी आता पहिल्याच भेटीत विचारते. मत वेगळं असलं तर चालतं, पण माझं ऐकून घेताना चेहरा कसा होतो ते मला बघायचं असतं.

बे_एरियाकर:
तुम्ही सगळं ॲपवर ढकलताय. माझी बायको मला गिरगावातल्या लग्नात भेटली, मतं अजूनही जुळत नाहीत, संसार छान चाललाय.

नागझिरा:
मूळ मुद्द्यावर येऊ या का? वेताळटेकडी, आमच्या ग्रुपमध्ये अगदी हेच झालं होतं. आम्ही वेस्ट मार्चेस पद्धत घेतली. बेन रॉबिन्सने त्याच्या कॅम्पेनसाठी तयार केलेली. ठरलेली पार्टी नाही, ठरलेला वार नाही. जग एकच, खेळाडू जास्त. कोणी कुठे जायचं ते खेळाडूच ठरवतात, जमतील तेवढे येतात, आणि प्रत्येक सेशन संपताना गावात परत यायचं. दोघं एकाच जगात राहिले, एका टेबलावर आले नाहीत. हळूहळू आपोआप निवळलं.

कट्टेकरी:
पाच खेळाडूंत वेस्ट मार्चेस? त्याला दहा-बारा लागतात. आणि डीएमवर दुप्पट काम.

नागझिरा:
तात्पुरतं करायला पाचही पुरतात. शपथ मोडायची गरज नाही, दोघं वेगवेगळ्या कामगिरीवर गेले इतकंच.

बे_एरियाकर:
नाहीतर डीएमचं काम एआयकडे द्या, प्रत्येकाने आपापलं खेळावं.

वेताळटेकडी:
एआयला हे कळणार नाही की ती हसायची थांबली म्हणजे प्रसंग बदलायची वेळ झाली. मी त्या खोलीसाठी डीएम होते, नियम लावायला नाही.
नागझिरा, वेगळ्या कामगिरीची कल्पना आवडली. पण आधी त्याला काय उत्तर देऊ? त्याने मला अट घातलीय, आणि तिला न सांगता मी ती पाळली तर ते मला तिच्याशी दगाबाजी केल्यासारखं वाटतं.

मोहरी:
बरोबर वाटतंय. त्याला लिही: "तुला आत्ता नको वाटतंय ते समजलं. मी तिला यायचं नाही असं सांगणार नाही. तू हा शनिवार वगळ, तुझा क्लेरिक मठात थांबलाय असं मी गोष्टीत बसवते. पुढच्या महिन्यापासून दोन वेगळ्या मोहिमा करू, तुला हव्या त्या मोहिमेत ये." बाकीच्या तिघांना तुझ्याकडून काहीही सांगू नकोस. ते त्याचं-तिचं आहे.

तिसरीघंटा:
आणि तिला?

मोहरी:
तिला एवढंच की तो या शनिवारी नाहीये. तिने कारण विचारलं तर 'त्यालाच विचार' म्हणायचं. खोटं बोलायचं नाही.

कट्टेकरी:
'पुढच्या महिन्यापासून' काढा त्यातून. दुसरी मोहीम लिहून तयार नसताना तारीख देऊ नका, तो धरून बसेल.

वेताळटेकडी:
ते वाक्य काढून पाठवलं. त्याचं 'ठीक आहे' आलंय. नागझिरा, गावात परतायचा नियम खेळाडूंच्या गळी कसा उतरवलात? सेशन संपताना ते गुहेच्या मधोमध असले तर?

नागझिरा:
शेवटचा अर्धा तास परतीसाठी राखायचा, आणि हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. तरी अडकले तर परतीच्या वाटेवर काय भेटलं ते एका तक्त्यावर फासे टाकून ठरवायचं. माझा तक्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो.