आश्रमशाळेत सिकलसेल तपासणी झाली, पुढचा पाठपुरावा गळतोय. कुणाला कसं जोडायचं?

डोंगरपाडा
नमस्कार. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर आमची छोटी संस्था काम करते. दोन शासकीय आश्रमशाळांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी तपासणी (द्रावणात रक्ताचा थेंब घालून होणारी प्राथमिक चाचणी) झाली. पॉझिटिव्ह मुलांची यादी आरोग्य केंद्रात पडून आहे, शाळेला पत्ता नाही, आणि आई-बापांना "रक्तात दोष निघाला" एवढंच कळलंय. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आमच्याकडे डॉक्टर नाही. तीन कार्यकर्ते आणि एक मोटारसायकल. आरोग्य केंद्र, शाळा, ग्रामसभा यांच्यात कामं कशी वाटावीत? आणि आम्ही काय करू नये, तेही सांगा.

नमुना_नळी
आधी ती यादी पक्की करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'एस' हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक (एएस, म्हणजे गुण आहे पण आजार नाही) कोण आणि रुग्ण (एसएस) कोण, हे तिच्यातून कळत नाही. यादीतली बहुतेक मुलं वाहक निघतील. त्यांना ना गोळी लागते ना पथ्य. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत कुणाच्याही घरी "आजार आहे" म्हणू नका.

पक्क्या तपासणीला जांभळ्या टोपीच्या नळीत 2 मिली रक्त घेतात. नळी लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होऊन नमुना वाया जातो. आइसपॅकच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. रक्त गोठलं की पेशी फुटतात. नळीवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, पाडा आणि शाळेचा जनरल रजिस्टर क्रमांक, चारही हवेत. एकाच वर्गात एकाच नावाची दोन-तीन मुलं असतात आणि अहवालांची अदलाबदल तिथेच होते.

निगेटिव्हवरही डोळे झाकून विश्वास नको. 2 मिली द्रावणात 20 मायक्रोलिटर रक्त घालून पाच मिनिटांनी नळीमागच्या रेघा दिसतात का, ते बघतात. द्रावण जुनं असेल किंवा मुलाचं हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर रुग्णसुद्धा निगेटिव्ह दिसतो. त्या दिवशी माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना आधी लावला होता का, हे तंत्रज्ञाला विचारा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेल्या मुलाचा पक्का अहवालही फसवा येतो.

पेसा_अभ्यासक
भाऊ, करारमदार नंतर. आधी एक बैठक लावा: तालुका आरोग्य अधिकारी, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, दोन्ही मुख्याध्यापक, अधीक्षिका आणि तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा माणूस. हा शेवटचा राहिला की सगळं अडतं. शाळा आदिवासी विकास विभागाची, औषध आरोग्य विभागाचं. वरून पत्र आल्याशिवाय मुख्याध्यापक गोळीला हात लावत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. मुलाला काही झालं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

म्हणून प्रकल्प अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र घ्या. गोळी रोज कोण देणार, साठा कुणाच्या कुलपात, पंधरा दिवसांचा साठा उरला की मागणी कोण करणार, रात्री ताप चढला तर कुणाची गाडी, हे त्यात पदनामानिशी येऊ द्या. "शाळा व आरोग्य केंद्र समन्वयाने करतील" असं वाक्य आलं की काम कुणाचंच नाही असं समजा.

प्रवासखर्चासाठी पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) 5 टक्के अबंध निधी आहे, म्हणजे खर्च ग्रामसभेने ठरवायचा. त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा खर्चाचा गट धरलेला आहे; ग्रामसभेचा ठराव लागतो. ठरावात "सिकलसेल रुग्णांचा तपासणीसाठी प्रवास" एवढंच लिहा. मुलांची नावं ग्रामसभेत वाचायची नाहीत, भिंतीवर लावायची नाहीत. मुलीचं नाव एकदा फुटलं की तिच्या लग्नापर्यंत पुरतं.

बालरोग_सातपुडा
वरचं सगळं बरोबर, पण मोठा धोका शाळेत नाही, घरी आहे. आश्रमशाळेतलं मूल सहा वर्षांवरचं, म्हणजे सगळ्यात वाईट काळातून वाचलेलं. रुग्ण मुलाची धाकटी भावंडं आधी तपासा. त्यातही सहा महिन्यांखालच्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणी चालत नाही, थेट एचपीएलसी.

पाच वर्षांखालच्या रुग्ण बाळाला रोज दोनदा पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सुरू करून घ्या. आईला प्लीहा (डाव्या बरगडीखालचा अवयव) चाचपायला शिकवा: बाळ उताणं, गुडघे दुमडलेले, बोटं बेंबीपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. गोळा एका दिवसात वाढला आणि बाळ पांढरं पडलं, तर थेट रुग्णालय, वाटेत कुठे थांबायचं नाही. 101 अंशांवर ताप आला तरी तेच. हे पावरी बोलीतून आशाताईंनी सांगितलं तरच घरात उतरतं.

तुम्ही काय करू नये: हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेल रुग्णाची रोजची गोळी, स्वतः वाटू नका. ती वजनावर ठरते, आधी रक्तपेशींची मोजणी लागते आणि नंतरही ठरावीक काळाने लागते. गरोदरपणात बंद करावी लागते, त्यामुळे मोठ्या मुलींशी आरोग्य सेविकेने एकांतात बोलावं. शाळेतल्या लोहाच्या निळ्या गोळीबद्दलही डॉक्टरांना विचारा: वाहकाला चालते, एसएस रुग्णाला मात्र लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावरच.

डोंगरपाडा
आभार. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय करावं? शाळेला सुट्टी लागली की गोळ्याही शाळेतच राहतात.

पेसा_अभ्यासक
सुट्टीची तारीख धरून उलट मोजा. दोन आठवडे आधी रक्तपेशींची मोजणी, अहवाल ठीक असेल तर डॉक्टरांच्या सहीने पूर्ण मुदतीचा साठा. तो सुट्टीच्या दिवशी पालकाच्या हातात, मुलाच्या दप्तरात नाही. सोबत प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड: निदान, वजन, औषध, रक्तगट, केंद्राचा फोन, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. गुजरातेत सिकलसेल कार्यक्रम 2006 पासून चालू आहे, त्यामुळे तिकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या केंद्रांना आजार अनोळखी नाही. कागद नसला की अडतं. पडाव कुठल्या गावाजवळ पडणार हे मुकादमाला आधीच माहीत असतं, ते वहीत लिहून घ्या. मुलाचं नाव त्याला सांगायची गरज नाही.

नमुना_नळी
एक राहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार आहे. पक्क्या अहवालात मूल रुग्ण निघालं की जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्राची प्रक्रिया लगेच सुरू करा. मूळ अहवाल पालकांकडे, झेरॉक्स शाळेत.