विषय: सोऱ्याची चकती परवडेल अशी कुठे करून मिळेल?

नेपरव्हिलहून:

नमस्कार मंडळी,
आईचा पितळी सोऱ्या यंदा इकडे शिकागोजवळ आणला, पण चकलीची चकती तिकडे घर बदलताना हरवली. इंडियन स्टोअरमधली स्टीलची चकती घातली तर ती सैल बसते, पीठ कडेने बाहेर येतं आणि चकलीला काटा पडत नाही. एका मशीन शॉपने एका चकतीचे १८० डॉलर सांगितले. तेवढ्यात चार नवे सोऱ्ये येतील, ठाऊक आहे. पण मला ह्याच सोऱ्यातून चकल्या पाडायच्या आहेत. दिवाळीला पाच आठवडे आहेत. कुणाला मार्ग माहीत आहे का?

शॉमबर्गहून:

ताई,
त्या दुकानाचा दोष नाही. चकतीला पत्रा नखभरच लागतो. पैसे जातात ते माप घेण्यात, चित्र काढण्यात आणि मशीन लावण्यात. एक चकती असो की वीस, तो वेळ तेवढाच. माप आणि चित्र आपण घरी केलं की खर्च एकदम उतरतो.

व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) चकती बसते तिथला आतला व्यास तीन दिशांनी मोजा. जुनं पितळ आपटून लंबगोल झालेलं असतं. सगळ्यात कमी भरेल त्या मापातून अर्धा मिमी वजा करा. दुकानातली चकती काटे छान पाडत असेल तर ती पट्टीसकट स्कॅनरवर ठेवा आणि इंकस्केपमध्ये तिची चांदणी गिरवा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइल डीएक्सएफमध्ये (कापणारं मशीन वाचतं त्या रूपात) काढताना मिमी निवडलंय ना, ते दोनदा बघा. माझी पहिली फाइल इंचात गेली होती, म्हणजे सगळं २५.४ पट मोठं.

मग शिकागोत हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररीच्या मेकर लॅबमध्ये, म्हणजे तिथल्या खुल्या कार्यशाळेत, जा. तिथल्या लेझरवर धातू कापता येत नाही, पण पुठ्ठा कापून बघा आणि तो सोऱ्यात बसवा. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. आधी पुठ्ठा, मग पत्रा ही शिस्त मी तिथल्या पोरांकडून घेतली.

पुठ्ठा बसला की तीच फाइल ऑनलाइन लेझर कटिंगवाल्यांकडे चढवा. भाव तिथल्या तिथे दिसतो. पत्रा ३०४ स्टेनलेस (भांड्यांचं स्टील) निवडा, जाडी १४ गेज, म्हणजे साधारण २ मिमी. त्याहून पातळ पत्रा घट्ट पिठाच्या दाबाने फुगतो. थ्री-डी प्रिंटच्या वाटेला जाऊ नका: त्यातलं पीएलए प्लास्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि थरांच्या फटींत अडकलेलं पीठ निघत नाही.

इव्हान्स्टनहून:

काका, मलाही सासूबाईंच्या सोऱ्यासाठी बारीक शेवेची चकती हवी आहे. एकत्र मागवू या का?

शॉमबर्गहून:

जरूर, एकाच ऑर्डरमध्ये प्रत्येकीला स्वस्त पडेल. फक्त पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरने सहसा धड पडत नाही. २ मिमीच्या पत्र्यात जाड शेव होईल, बारीक नाही. बारीक शेवेला पातळ पत्रा घ्या; ते पीठ तसंही सैल असतं, दाब कमी लागतो.

नेपरव्हिलहून:

काका, मंडळी,
चकत्या आल्या! माझ्या तीन आणि इव्हान्स्टनच्या ताईंची एक मिळून टपालखर्चासकट ४६ डॉलर. पहिला पुठ्ठा घट्ट झाला, दुसरा अलगद बसला. स्टीलच्या कडेला एका बाजूने धार होती. ती बारीक कानशीने घासली, मग पॉलिश पेपर फिरवला आणि चकती गरम पाण्याने दोनदा धुतली. काल रात्री आईला व्हिडिओवर समोर बसवून पहिला घाणा तळला. काटा असा उभा राहिला की ती म्हणाली, "मोहन जरा कमी घाल, मोडतील." पण तिचे डोळे सोऱ्यावरच होते.

दोन चकत्या माझ्याकडे जास्तीच्या आहेत, ५३.५ मिमीच्या. तुमच्या सोऱ्याचा आतला व्यास ५४ भरत असेल तर कळवा, शनिवारी मंडळाच्या शाळेत घेऊन येते.