यूपीएसला एक तारा, कारण पिक्चर अर्धा राहिला : असले रिव्ह्यू धरावेत का?

पेठेतला_मेकॅनिक :
नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काल एक काका यूपीएस घ्यायला आले आणि मोबाईलच पुढं केला. एक तारा, खाली लिहिलेलं : 'लाईट गेल्यावर दहा मिनिटांत बंद पडतो. पिक्चरचा शेवट कळला नाही. शिवाय ओरडतो, बाळ उठतं.' मी हसलो. काका हसले नाहीत, न घेताच गेले. अहो, छोटा यूपीएस असतोच काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता, आणि ओरडतो तेही त्यासाठीच! रॅमखाली एकानं लिहिलंय : 'आठवडा झाला, लॅपटॉप तसाच स्लो. पाकीट अजून फोडलं नाही, आधी फरक दिसू दे.' माझं मत : वस्तू न कळता दिलेला तारा मोजूच नये. बोला.

माग_आणि_माऊस :
काय बोलायलास बे? कळणाऱ्यांनीच लिहायचं, तर विकत पण कळणाऱ्यांनाच द्या. खोक्यावर '६०० व्हीए' हातभर अक्षरात, आणि खरी ताकद सांगणारे वॅट शोधायला भिंग लागतं. बऱ्याचदा ते ३६० च असतात. किती मिनिटं चालणार हे तू काकांना आपणहून सांगितलंस का? ते त्यांना त्या बाळाच्या घरातून कळलं. तुझा राग त्याचाच आहे.

बाळीवेशीचा_बाळ्या :
मी तर जेवताना वाचतो. 'वायरलेस माऊस मागवला, वायर आली नाही, परत पाठवला.' वेबकॅमखाली : 'चेहरा फार स्पष्ट दिसतो, घरात वाद झाले.' त्याला मात्र पाच तारे! हे काढून टाकलं तर मी भाकरी कशाशी खाऊ?

पेठेतला_मेकॅनिक :
तुला गंमत, मला डोकेदुखी. १ टीबीची हार्डडिस्क घेऊन कुणी ना कुणी परत येतंच. '९३१ जीबीच दिसतंय, बाकीचे कुणी खाल्ले?' एकानं तर रिव्ह्यूत 'वजनात मारलं' लिहिलंय. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच. मापात पाप कुठं आलं?

माग_आणि_माऊस :
एकाच बाजारात दोन किलो, एक हजाराचा, एक १०२४ चा, आणि येडं कोण? गिऱ्हाईक! ही तक्रार अमेरिकेत कोर्टात गेली होती. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलनं तडजोड केली, तक्रारदारांना बॅकअपचं सॉफ्टवेअर दिलं. १०२४ च्या मोजणीला 'गिबीबाइट' हे वेगळं नाव १९९८ मध्येच ठरलं होतं, तरी विंडोज जीबीच लिहितं. ॲपलनं २००९ मध्ये मॅकवर मोजणीच १००० ची केली. आता सांग, 'वजनात मारलं'मध्ये हसण्यासारखं काय आहे?

पेठेतला_मेकॅनिक :
बरं, हार्डडिस्कचं सोडा. पाकीट न फोडलेल्या रॅमचं काय?

माग_आणि_माऊस :
त्याच्यापुढं मी पण हात टेकले.

अक्कलकोट_रोडची :
कॉम्प्युटरच्या पंख्याखालचा 'पंखा तीन महिन्यांत कापूस पिकवतो' हा रिव्ह्यू माझाच. खाली लोकांनी हसून घेतलं. आमचं ऑफिस टॉवेलच्या मागांच्या शेडलाच चिकटून. सुताची धूळ प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांत बसून बसून तिथं चादरीचा तुकडाच तयार झालेला. त्यात मे महिना, पारा ४३ वर, मशीन तापून आपोआप बंद. चूक पंख्याची नव्हती, तारे मात्र त्याचे गेले, हे मान्य. पण त्याच रिव्ह्यूखाली इचलकरंजीच्या एका मागवाल्यानं लिहिलं : कॅबिनेटला पुढून बारीक जाळी लावा, दर रविवारी काढून झटका. या उन्हाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. मी शहाण्यासारखं 'हवा खेळत नाही' एवढंच लिहिलं असतं, तर तो थांबला असता का?

पेठेतला_मेकॅनिक :
ताई, ती जाळी कुठली ते सांगा, माझ्याकडं निम्मी मशीनं मागवाल्यांचीच येतात. आणि त्या पंख्याचे तारे तेवढे वाढवा की आता.

अक्कलकोट_रोडची :
वाढवले असते हो. पासवर्ड विसरलेय.